आई, टाकी, बस

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला आधी बुटकी दाखवली आणि मग स्वयंपाकघर. बुटकी म्हणजे आमची पिकअप गाडी. पुढे दोन माणसं जेमतेम मावतील एवढी केबिन, मागे आखूडसा हौदा, आणि रंग कधीकाळी निळा असावा असा. तिच्यामागे एक लोखंडी ट्रॉली जोडलेली होती.

"ही तुझी थोरली सवत," सासूबाई म्हणाल्या, "आणि मागची ती धाकटी. दोघींशी नीट वाग. घर त्यांच्यावर चालतं."

आमचे हे आणि माझे धाकटे दीर, दोघं मिळून फरश्या घासून चकचकीत करायचं काम करत. घासायचं मशीन भलतं बोजड. दोघांनी फळी लावून, ढकलत ढकलत चढवायचं. ते मशीन, घासायचे दगड, पाण्याची पिंपं, वायरची भेंडोळी, हे सगळं बुटकीच्या हौद्यात मावत नसे आणि मावलं तरी तिला पेलत नसे. म्हणून ट्रॉली. संध्याकाळी आल्यावर ट्रॉली अंगणात सोडायची, बुटकी गल्लीच्या तोंडाशी उभी करायची; सकाळी परत जोडायची. बुटकीच्या मागे एक लोखंडी गोळा होता आणि ट्रॉलीच्या दांड्याला एक वाटी. वाटी गोळ्यावर बसली की खट्ट असा आवाज यायचा. तो आवाज आला की मी चहाचं भांडं उतरवायची.

लहान गाडीला ओढायला लावायचं तर तिचे लाड करावे लागतात. मशीन ट्रॉलीच्या चाकांच्या जरासं पुढेच ठेवायचं. मागे सरकलं तर ट्रॉली शेपूट हलवू लागते. फार पुढे आलं तर बुटकी मागे बसते आणि नाक वर करते. मोठा चढ लागला की भाऊजी खाली उतरून मागून चालायचे. ढकलत नसत, नुसते चालायचे. "तिला तेवढंच बरं वाटतं," म्हणायचे.

खरी कसरत असायची संध्याकाळी. आमचं अंगण एका चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला. आत गाडी वळवायला जागा नाही, म्हणून ट्रॉलीसकट उलटं यावं लागे. आणि ट्रॉली मागे लावून उलटं येताना सगळंच उफराटं होतं. स्टेअरिंग एकीकडे फिरवा, ट्रॉली दुसरीकडे जाते. हे गाडीत, भाऊजी मागे उभे राहून दिशा सांगणार. भाऊजी 'डावीकडे' म्हणाले की हे विचारायचे, "माझ्या की तुझ्या? चाकाच्या की शेपटीच्या?" तोवर ट्रॉली भिंतीला लागलेली असायची.

गल्लीच्या एका अंगाला सासूबाईंच्या खोलीची खिडकी होती आणि दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. एकदा ट्रॉली थेट खिडकीवर निघाली. आत सासूबाई वाटाणे सोलत बसलेल्या. भाऊजी घाबरून ओरडले, "आई! आई! आई!" ह्यांना बरोब्बर कळलं, शेपूट कुठे चाललीय ते. त्यांनी स्टेअरिंग फिरवलं, ट्रॉली वळली आणि टाकीवर निघाली. मग भाऊजी ओरडले, "टाकी! टाकी!" अशी ती अधेमधे झुलत झुलत अंगणात आली.

"बस!" भाऊजी म्हणाले.

तेव्हापासून आमच्याकडे डावं-उजवं संपलं. आई, टाकी, बस. एवढ्या तीन शब्दांवर गाडी मागे यायची. बस म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, बस म्हटल्यावर तसूभर हलायचं नाही. आणि हे फक्त घरीच नाही, गावभर. मोठमोठ्या इमारतींच्या दारात, दवाखान्याच्या आवारात, मिशीवाला धिप्पाड माणूस गाडीमागे उभा राहून "आई... आई... आई..." करत सुटायचा. लोक थांबून बघायचे. एका पहारेकऱ्याने ह्यांना हळूच विचारलं होतं, "भाऊ बरा आहे ना तुमचा?"

"जन्मापासून असाच आहे," हे म्हणाले होते.

सासूबाई गेल्या. त्यांच्या खोलीत आम्ही दगडांच्या पेट्या ठेवू लागलो. पण संध्याकाळी गल्लीतून 'आई... आई...' यायचंच. पहिले काही दिवस मी हातातलं काम टाकून त्या खोलीकडे बघायची. मग सवय झाली. मला वाटतं, त्या दोघांना ते बरंच वाटत असावं. सबंध दिवसात तेवढाच वेळ ती हाक मारता यायची.

त्यानंतर काही वर्षांनी ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. आधी नुसती चिडचिड. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, ताटाशेजारचा पेला कलंडायचा, आणि "इथे कुणी ठेवला?" म्हणून माझ्यावर आवाज. मी बळेबळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई होत्या, समजुतीच्या. त्या म्हणाल्या, समोरचं अजून बराच काळ दिसेल, पण कडेचं विझत चाललंय आणि गेलेलं परत येत नाही. गाडी सोडा.

परतताना हे बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "धाकट्याला सांगायचं नाही."

"अहो, असं कसं?"

"मला पुढचा रस्ता दिसतो. मागे त्याचा आवाज आहे. बुटकी काय मी डोळ्यांनी चालवतो होय?"

"आणि मध्येच कुणी आडवं आलं तर?"

"त्याला कळलं की तो किल्ली मागेल," हे म्हणाले. "मग मी काय करायचं? मशीनमागे बादली घेऊन फिरायचं?"

मी महिनाभराची मुदत दिली. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ती मुदत संपायच्या आधीच भांडण झालं.

कामं मोठी यायला लागली होती. दुसरं मशीन घेतलेलं, दोन्ही एकदम नेणं बुटकीला झेपत नव्हतं. दोन खेपा माराव्या लागत. घाटीच्या चढावर क्लच जळल्याचा वास यायचा. भाऊजींचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

"दादा, आता मोठी गाडी घेऊ. रोज दोनदा चढवा-उतरवा करून माझी कंबर गेली."

"बुटकीला काय झालंय?"

"काही नाही. म्हातारी झालीय, तुझ्यासारखी."

एरवी हे हसले असते. त्या दिवशी नाही हसले. नव्या गाडीची लांबी-रुंदी अंगात मुरायला माणसाला धड डोळे लागतात, हे भाऊजींना कुठून कळणार? बुटकीच्या चारी कडा ह्यांना आपल्या कोपरांसारख्या ठाऊक होत्या.

"मोठी गाडी नको. मला जमणार नाही," हे म्हणाले.

"मी चालवतो ना! इतकी वर्षं मागे ओरडतोय, जरा पुढे बसू दे की मला. तू आता बस, दादा."

बस. आमच्या घरात त्या शब्दाला सगळं थांबायचं. हे ताटावरून उठले. त्यानंतर दोघांत जे बोलणं झालं, ते लिहावंसं वाटत नाही.

वेगळं व्हायचं ठरलं. वाटायला होतं तरी काय? दोन्ही मशीनं आणि ट्रॉली धाकट्यांकडे, बुटकी ह्यांच्याकडे. ज्या दिवशी तसं ठरलं, त्या दिवशी माझी जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, गाडीशिवाय ट्रॉलीचं करायचं काय, आणि ट्रॉलीशिवाय बुटकीचं?" आम्ही दोघी हसलो, आणि मग ती पदराने डोळे पुसत आत गेली.

आणि अबोला सुरू झाला. समोरासमोरची दारं, मध्ये एकच अंगण, आणि दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर माझ्यामार्फत.

"वहिनी, दादाला सांगा, ह्या महिन्याचं विजेचं बिल त्याचं आहे."

हे दोन हात अंतरावर दाढी करत असायचे. "त्याला म्हणावं, ऐकू आलं."

"वहिनी, सांगा, मला पण आलं."

ऐकणाऱ्याला हसू यावं असंच होतं सगळं. घरात मात्र जेवण जात नव्हतं.

भाऊजी रोज भाड्याची गाडी बोलवायचे. हे गल्लीच्या तोंडाशी बुटकीत नुसते बसून राहायचे, किल्ली न लावता. गाडी हलतच नव्हती, म्हणून डोळ्यांचं सांगायचं मीही लांबवलं. लोकांना वाटायचं, कुणाची तरी वाट बघताहेत.

एका सकाळी भाड्याची गाडी आलीच नाही. एका शाळेच्या वऱ्हांड्याचं काम होतं, सुट्टी संपायच्या आत उरकायचं होतं. भाऊजी अंगणात येरझाऱ्या घालत होते. हे दारात उभे. मला म्हणाले, "त्याला सांग, बुटकी आहे."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "सांगा, चालेल."

ह्यांच्या तोंडावर जे उमटलं, ते मी फार दिवसांनी पाहत होते. आत जाऊन धुतलेला शर्ट घातला. फडकं ओलं करून बुटकीची काच पुसली, दिवे पुसले. मी मागे मागे गेले. हळू आवाजात म्हटलं, "अहो, नको. किल्ली त्यांनाच द्या ना."

"अगं, जोडून तेवढी देतो. पुढे तोच नेऊ दे. आणि आज त्याला सांगतो डोळ्यांचं. गाडीतच सांगतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज त्याचा आवाज तरी ऐकेन."

बुटकी सुरू झाली. गल्लीतून उलटी, सावकाश येऊ लागली. नुसत्या गाडीला काही लागत नाही, ती सरळ आली. मी ओट्यावर उभी होते. अंगणात भाऊजी ट्रॉलीचा दांडा एका हाताने उचलून उभे होते. बुटकी टाकीच्या अंगाला जरा जास्त यायला लागली. मी वाट बघत राहिले, आता म्हणतील, टाकी, टाकी. भाऊजींनी ओठ मिटलेले. दुसरा हात वर करून ते ह्यांना आरशात खुणा करत होते. पंजा हलवून इकडे, मग तिकडे. जगातले सगळे लोक करतात तशा.

आरसे बाजूला असतात. ह्यांना बाजूचं काही दिसत नव्हतं.

गोळा वाटीखाली आला. भाऊजींनी पंजा उघडून थांब अशी खूण केली आणि दांडा बसवायला खाली वाकले. थांबणारच, याची त्यांना खात्री होती. आणि बस ऐकू आलं नाही, म्हणजे अजून जागा आहे, याची ह्यांना खात्री होती.

"बस! बस! अहो, बस!" मी ओरडले. माझा आवाज इंजिनात गेला. मग दुसरा आवाज आला, भाऊजींचा. त्यात शब्द नव्हता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं वाकडंच राहिलं.

दवाखान्यात हे सबंध दुपार पलंगाच्या कडेला बसून होते. मग भाऊजी छताकडे बघत म्हणाले, "दादा, हात दिसला नाही तुला?"

"नाही."

"कधीपासून?"

मी सांगितलं. भाऊजींनी डोळे मिटले. तसेच पडून म्हणाले, "मला वाटलं, मोठी गाडी नको म्हणजे मी नको."

"वेडा आहेस," हे म्हणाले. एवढ्यानेच त्यांचा अबोला संपला. पण तो संपून आता उपयोग काय होता? त्या हाताने मशीन धरवेना. ते हँडल असं थरथरतं की चांगली दहा बोटंही रात्री मुंग्यांनी भरतात. मशीनं विकली. भाऊजी एका फरशीच्या दुकानात लोकांना नमुने दाखवायला लागले. बुटकी तिथेच, गल्लीच्या तोंडाशी, चाकं बसलेली, आत मांजरांची बाळंतपणं. ट्रॉलीत जावेने कोथिंबीर लावली.

ह्यांचं समोरचंही हळूहळू विझलं. हात धरलेला त्यांना आवडायचा नाही. "मी काय पिशवी आहे का?" म्हणायचे. पण सकाळी भाऊजी दुकानात जायच्या आधी यायचे आणि ह्यांच्या मागे दोन पावलांवर चालायचे. हे एकटे पुढे, हात लांब करून, गल्लीतून.

"आई... आई... जरा टाकी... हां... आई... बस."

बस म्हटल्यावर हे हात पुढे करायचे, आणि हाताला बुटकीचं दार लागायचं. आत बसून राहायचे दुपारपर्यंत. तोवर टाकी काढून टाकली होती आणि खिडकी विटांनी बुजवली होती. ह्यांना सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं होतं?

परवाच्या थंडीत हे गेले. न्यायला गाडी आली, लांबलचक पांढरी. गल्ली बघून ड्रायव्हर म्हणाला, उलटी घ्यावी लागेल, कुणीतरी मागे उभं राहा. मी काही म्हणायच्या आत भाऊजी जाऊन उभे राहिले. केस पांढरे, पाठ वाकलेली. गाडी मागे येऊ लागली आणि त्यांनी सुरू केलं.

"आई... आई... आई..."

जमलेली माणसं खाली बघू लागली. एकाने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लोकांना वाटलं, ते रडताहेत. गाडी होती तशीच बुजवलेल्या खिडकीच्या भिंतीवर निघाली. भाऊजींचा आवाज चढला, "अरे, आई! आई!"

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. कोवळा मुलगा होता, नम्रपणे विचारलं, "काका, डावीकडे घेऊ का उजवीकडे?"

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मी ओट्यावर होते. जाऊ आत ह्यांच्यापाशी बसलेली; आता ते शब्द कळणारी तिथे मी एकटीच होते, आणि मला गाडी येत नाही.

मग त्यांनी उजवा हात वर केला. दोन बोटं नसलेला, एक वाकडं असलेला. पंजा होता तेवढा उघडला.

मुलाला तो आरशात दिसला. गाडी थांबली.