अनुयायांचा रकाना

शंकरराव भोईर सर अंबरनाथला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा साधे मुख्याध्यापक होते. परत आले ते नेत्यांचे नेते होऊन. हॉलला एसी होता, जेवणात दोन भाज्या आणि गुलाबजाम होते, आणि टाय लावलेल्या साहेबांनी सांगितलं होतं की प्रत्येक शिक्षकात एक नेता झोपलेला असतो, त्याला जागं करा. बेलवलीच्या आपल्या शाळेत चौदा शिक्षक, म्हणजे चौदा नेते झोपलेत, हे सरांच्या परतीच्या रिक्षातच लक्षात आलं. सोमवारी त्यांनी सगळ्यांना एकदमच उठवलं.

कुणाला वगळलं नाही, एवढा मोठेपणा सरांकडे होता. खेळाचे कल्पेश सर रांग-नेते झाले, चित्रकलेच्या रिद्धीबाई फलक-नेत्या. गणिताच्या जिज्ञासाबाईंकडे पाण्याची टाकी आली, कारण टाकी लिटरमध्ये मोजतात. प्रत्येकाला छातीवर लावायला बिल्ला मिळाला. बिल्ले उल्हासनगरहून करून आणले होते आणि त्यांच्या पिना पहिल्याच दिवशी साड्यांना भोकं पाडून गेल्या. चौथीच्या अस्मिताबाईंच्या वाट्याला हिरवा बिल्ला आला, त्यावर लिहिलं होतं, वाचन-नेत्या.

आता हे एका परीने बरोबरच होतं. चौथीतल्या अकरा मुलांना वाचता येत नव्हतं. परिपाठ संपला की बाकीचा वर्ग कल्पेश सरांबरोबर मैदानात जायचा आणि पहिला तासभर अस्मिता या अकरांना घेऊन बसायची. जूनपासून घासून घासून दिवाळीपर्यंत दहा जण शब्दांवर आले होते. राहिली होती उन्नती. तिला अक्षरं सुटी सुटी ओळखता यायची, जोडायची वेळ आली की ती ओठ मिटून घ्यायची आणि मग कोणी काही केलं तरी उघडायची नाही. पुढच्या जूनमध्ये ती पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार होती, साठ मुलांच्या वर्गात. तिथे मागच्या बाकावरच्या गप्प मुलीला कोणी काही विचारत नाही, हे अस्मिताला चांगलं ठाऊक होतं. तीही एके काळी अशाच बाकावर बसली होती.

पण नेते झाले म्हणजे नेत्यांची सभा आलीच. ती रोज पहिल्या तासाला ठरली, कारण सकाळी नेतृत्व ताजं असतं. अख्खी शाळा त्या वेळात शुद्धलेखन लिहू लागली आणि चौदा नेते ऑफिसात गोल बसून एकमेकांना अहवाल देऊ लागले. रांग सरळ आहे. टाकी भरलेली आहे. मग फोटो काढायचा, त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटलंच पाहिजे, आणि तो ग्रुपवर टाकला की बाकीच्या तेरांनी अंगठा द्यायचा. एकदा रिद्धीबाईंचा अंगठा दुपारी आला, तर संघभावना या विषयावर सर वीस मिनिटं बोलले.

अस्मिताने दोनदा आपला तास परत मागितला. पहिल्यांदा सर म्हणाले की नेत्याने वर्गात अडकून पडायचं नसतं, वरून बघायचं असतं. दुसऱ्यांदा त्यांनी तिला 'वाचनाची सद्यस्थिती' यावर दहा पानी अहवाल लिहायला बसवलं. वाचनाचं इतकं काम तिच्याकडे आलं की मुलांकडून वाचून घ्यायला वेळच उरला नाही. दुपारी अभ्यासक्रमामागे पळायचं असे. शुद्धलेखन न जमणाऱ्या त्या अकरा मुलांना गप्प बसवण्याचं काम शाळेच्या शिपाई मोतीबाईंवर पडलं. मोतीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, कोणता बिल्ला कोणाचा हे त्या रंगावरून ओळखत. अस्मिता रोज ऑफिसात बसून त्या अकरांचा विचार करी आणि तिला मनातून रडू येई.

घरी तिने बिल्ला वडिलांना दाखवला. राजरत्न अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, आणि कोणत्याही गोष्टीवर चटकन खूश होणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"चौदाच्या चौदा नेते? मग मागून चालणारं कोण आहे?"

कोणीच नाही, असं तिने सांगितलं.

"मी जन्मभर अनुयायी आहे, पोरी. नेत्याला एकदा हार घातला की झालं. अनुयायाला रोज सकाळी उठून त्याने सांगितलेलं काम करावं लागतं."

तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षणवाल्यांकडून मूल्यमापनाला तेजस्वी मॅडम आल्या. वय पंचविशीचं, हातात टॅब, बोलणं गोड. रांगेचा फोटो, टाकीचा फोटो, दहा पानी अहवाल, सगळं पाहून त्यांनी मान डोलावली आणि टॅबवर भराभर बोट चालवलं. मग बोट थांबलं.

"सर, नेते चौदा. अनुयायी किती लिहू?"

सरांनी मुलांचा पट पुढे केला. मॅडम म्हणाल्या की मुलं लाभार्थी असतात, त्यांचा रकाना वेगळा आहे. सरांनी मोतीबाईंचं नाव सुचवलं, पण त्या शिक्षकेतर. खुद्द सर नेतृत्व-प्रेरक म्हणून आधीच नोंदले गेले होते. शून्य लिहिलं तर टॅब पुढचं पान उघडेना. एकही अनुयायी नसेल तर नेतृत्व सिद्ध होत नाही, असं तांबड्या अक्षरांत यायला लागलं.

एका नेत्याने खाली उतरायचं, एवढाच प्रश्न होता, पण उतरणार कोण? कल्पेश सरांनी तर बिल्ल्यासकट फोटो सासुरवाडीला पाठवला होता. जो तो आपल्या पिनेकडे पाहत बसला. भोईर सरांच्या कपाळावर घाम आला आणि ते एकदम गावाकडच्या बोलीत पुटपुटले, "आता काय करू रं बाबा."

अस्मिताने हात वर केला, मुलं करतात तसा.

"सर, मी होते अनुयायी. फक्त एक विचारायचं होतं. अनुयायाला नेत्यांच्या सभेला बसता येतं का?"

मॅडमनी नियम चाळले आणि खेदाने सांगितलं की नाही, तशी तरतूद नाही.

"मग चालेल," अस्मिता म्हणाली आणि पिन काढली.

टॅबने पुढचं पान उघडलं. शाळेला अ श्रेणी मिळाली. सरांनी तिचं नाव मोठ्या मनाने घेतलं, त्याग वगैरे शब्द वापरले, आणि तिने काढलेला बिल्ला कपाटात कुलूप लावून ठेवला. संध्याकाळपर्यंत तीन नेत्यांनी त्यांना एकेकटं गाठून अनुयायाची आणखी एखादी जागा आहे का म्हणून विचारलं. रकाना भरला, असं सरांनी कडक शब्दांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाला, ऑफिसात सही केली आणि अस्मिता जवळजवळ धावतच वर्गाकडे गेली. तीन आठवडे वाया गेलेले, आता उन्नतीला कुठून सुरुवात करायची हे ती रात्रभर ठरवत होती. दारात पोचली आणि थांबली.

बाकीचा वर्ग बाकांवर शुद्धलेखन लिहीत होता. मोतीबाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, झाडू बाजूला ठेवलेला. अकरा मुलं त्यांच्या भोवती होती आणि उन्नतीच्या मांडीवर गोष्टीचं पुस्तक होतं.

"मना कय वाचता येत नाय," मोतीबाई म्हणत होत्या. "तू सांगशील तवाच मना कळंल. कोल्हा गेला, मंग?"

उन्नती बोट ठेवून पाहत राहिली. तिचे ओठ मिटले, मग उघडले. "को-ल्हा... नदी-वर... गेला. नदीवर गेला, मावशी. पाणी प्यायला."

"हां. मंग?"

अस्मिताला आधी वाईट वाटलं, अगदी खरं सांगायचं तर हेवा वाटला. गेल्या जूनपासून ती त्या मुलीला विचारत होती, पण उत्तर तिला आधीच माहीत असायचं, आणि उन्नतीलाही ते माहीत होतं. मोतीबाईंना मात्र खरंच कोल्ह्याचं पुढे काय झालं ते हवं होतं. मग हेवा गेला आणि डोळे भरून आले.

मोतीबाईंनी तिला पाहिलं आणि गडबडीने झाडू उचलून उठू लागल्या. अस्मिताने हाताने त्यांना बसायला सांगितलं. चपला दाराशी काढून ती आत आली, मागच्या बाकावर बसली आणि कोल्ह्याचं पुढे काय झालं ते ऐकू लागली.