डावा पाय आधी

लहान मुलाला नाचाला घालायचं म्हणजे काय करायचं, हे बाई पहिल्याच दिवशी आईबापांना उभं करून सांगायच्या. खुर्च्या होत्या, पण बसलेली माणसं ऐकत नाहीत असं त्यांचं मत होतं. पोटभर खाऊ घालून आणू नका. वर यायच्या आधी शू करवून आणा, नाहीतर निम्मा तास त्यातच जातो. कोवळी हाडं आहेत. घरी ओढूनताणून पाय वाकवलेत तर वर्गातून काढेन, मुलाला नाही, तुम्हाला. एखाद्या दिवशी यायचं नाही म्हणालं तर दमलं असेल. चार वेळा म्हणालं तर त्याचं ऐका.

"आणि घरी शिकवायचं नाही. शिकवायला मी आहे. परत जाताना एकच विचारायचं, मजा आली का. बास."

पहिले तीन महिने मुलं वर्गात नाचत, पण प्रवेश नसे, बाई नुसतं बघत. तीन महिन्यांनी बाई सांगायच्या, मूल नाचायला आलंय की त्याला कुणी आणलंय. बाईंनी नाही म्हटलं की नाही. गळ घालून, हातापाया पडून काही उपयोग होत नसे, हे आधीच्या दोनतीन आयांनी अनुभवलं होतं.

भिंगरीच्या आईने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारा वर्षं ती पार्लरमध्ये केस कापत होती. गिऱ्हाईक नवऱ्याबद्दल बोलो, सासूबद्दल बोलो, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल बोलो, हिची कात्री चालू आणि मान डोलती. त्यातलं पाळायचं काहीच नसतं. बाईंचंही तिने तसंच ऐकलं असं नाही, पण तिचं सगळं लक्ष बाईंच्या पायांकडे होतं. बोलता बोलता बाईंचा अंगठा जमिनीवर ठेका धरत होता.

तिला नाच हवा होता. आता नाही, नऊ वर्षांची होती तेव्हा. तिने आईकडे मागितला होता आणि आई म्हणाली होती, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. आईचाही इलाज नव्हता आणि त्याचा राग धरावा एवढी ही लहानही उरली नव्हती. पण कुठे गाणं लागलं की पोटरीत काहीतरी हलायचं आणि ती पाय घट्ट रोवून उभी राहायची. पार्लरमध्ये दिवसभर रेडिओ चालू असे. बारा वर्षं ती पाय रोवूनच उभी होती म्हणा ना.

मुलगी झाली, चालायच्या आधी गोल फिरायला शिकली, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले. त्या दिवसापासून आईने मनाशी ठरवून टाकलं होतं.

वर्ग मंगळवारी आणि शनिवारी. मंगळवारी आईला सुट्टी नसे, तेव्हा बाबा घेऊन जायचा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे जिना चढणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटे. तो खालूनच "जा गं, पळ" म्हणायचा आणि तास संपेपर्यंत समोरच्या चहाच्या दुकानात बसायचा. शनिवार मात्र आईचा. शनिवारी दुपारी ती शेवटच्या गिऱ्हाइकाला जवळजवळ खुर्चीतून ढकलूनच निघायची.

वरच्या मजल्यावर बाहेर एक लांब बाक होता. मुलांनी आत जायचं, आईबापांनी बाकावर बसायचं, दार बंद. पण दार नीट लागत नव्हतं. चार बोटांची फट राहायची. आत बाई दाराकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसायच्या आणि मुलं त्यांच्याकडे तोंड करून उभी राहायची. खोलीत आरसा नव्हता. लहान मुलांना आरसा दिला की ती नाचत नाहीत, स्वतःकडे बघून तोंडं वेंगाडतात, असं बाई म्हणायच्या. बाकाची अगदी कडेची जागा पकडली की बाईंच्या खांद्यावरून भिंगरी समोरून अख्खी दिसायची. ती जागा मिळावी म्हणून आई अर्धा तास आधी यायला लागली.

पहिला तुकडा सोळा ठोक्यांचा होता. उजवा पाय आपटून पुढे, डावा मागून येऊन जुळायचा, दोन टाळ्या, तिरकं सरकायचं, एक गिरकी, आणि शेवटी हात पसरून थांबायचं. आईने तो दोन शनिवारांत डोळ्यांनी पिऊन टाकला. फक्त एक घोटाळा झाला. तिला दिसला तो डावा पाय.

आता समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो, हे तुम्हाआम्हाला विचार न करता कळतं. पण हिच्या आयुष्यातले चेहरे बारा वर्षं आरशातले होते. ती गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहायची आणि बघायची समोरच्या आरशात. तिथे आपल्या डाव्या हाताला दिसतो तो कान डावाच असतो. समोर दिसणाऱ्या माणसाचं डावं-उजवं उलटायचं असतं ही गोष्टच तिच्या अंगातून निघून गेली होती. फटीतून बघताना तिला एकदाही शंका आली नाही.

घरी संध्याकाळी कुकर लावून झाला की ती टेबल भिंतीला सरकवायची.

"चल, दाखव बघू काय शिकलीस ते."

भिंगरीने उजवा पाय उचलला.

"अगं, डावा! डावा पाय आधी. बघ, अशी."

भिंगरी थांबली. तिने स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आई तोवर गिरकी घेऊन मोकळी झाली होती, केस सुटले होते, तोंडभर हसत होती. भिंगरीने उजवा पाय खाली ठेवला आणि डावा उचलला.

त्या तीन महिन्यांत एकही संध्याकाळ चुकली नाही. बाईंना दिलेला शब्द आईच्या लक्षात होता, नाही असं नाही. पण आपण शिकवत थोडंच आहोत, नुसता सराव तर घेतोय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. स्वतःची समजूत घालायला माणसाला फारसं काही लागत नाही. पलंग आणि कपाटाच्या मधल्या तेवढ्याशा जागेत दोघी आपटायच्या, सरकायच्या, एकमेकींवर आदळायच्या. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय तेव्हा दुखत नसत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा काठीने छताला ठोकलं, तर आई म्हणाली, "बघ, आजोबा ताल धरतायत," आणि दोघी पोट धरधरून हसल्या. एवढी सुखी ती याआधी कधी होती, ते तिला आठवेना.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाईंनी सगळ्यांना सोडलं आणि भिंगरीच्या आईला आत बोलावलं.

"हिला पुढे घ्यायचं की नाही, मला कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "मंगळवारी ही सगळ्यांच्या पुढे असते. बाकीची मुलं हिचं बघून करतात. आणि शनिवारी हिला स्वतःचे पाय सापडत नाहीत. उजवा उचलते, खाली ठेवते, डावा उचलते, दाराकडे बघते. शेजारच्या मुलीवर जाऊन आपटते. तीन महिने मी बघतेय. शनिवारी काय होतं?"

"काही नाही हो. सराव तर रोज..." आईने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा मला. काय करता तुम्ही घरी?"

"मी?"

"तुम्हीच. चपला काढा."

आईने चपला काढल्या. लाकडी जमीन गुळगुळीत होती, थोडी कोमट, मुलांच्या पायांनी तापलेली. नऊ वर्षांची असल्यापासून तिला अशा जमिनीवर उभं राहायचं होतं आणि उभं राहायला मिळालं ते असं, चोरी पकडल्यावर. बाईंनी टाळी दिली. तिने डावा पाय आपटला. लाज वाटत होती ती पहिल्या चार ठोक्यांपर्यंतच. मग तिला एवढी जागा मिळाली की कुठेच काही आडवं आलं नाही, ना पलंग ना कपाट. गिरकी पूर्ण झाली. हात पसरले ते पूर्ण पसरले. बाईंनी पुन्हा टाळी सुरू केली आणि तिने पुन्हा सोळा ठोके केले.

"सगळं उलटं आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्या पावलापासून." मग जरा थांबून, नाइलाजाने म्हणाल्यासारखं, "पण नाच आहे."

भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. आईने खाली बसून तिचे खांदे धरले.

"तुला माहीत होतं? उजवा पाय आधी आहे ते?"

भिंगरीने होकारार्थी मान हलवली.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस," भिंगरी म्हणाली. "आणि शनिवारी फटीतून तुझी निळी पिशवी दिसते. मी उजवा केला असता तर तुला कळलं असतं ना."

तीन महिने आपण मुलीला नाचवतोय असं आईला वाटत होतं आणि तीन महिने सहा वर्षांची पोर तिला सांभाळून घेत होती. त्यापायी स्वतःची जागा घालवायला निघाली होती. आईला रडू आलं ते तिने आवरलं नाही.

बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मुलगी माझी. प्रवेश दिला. तुम्ही मात्र आजपासून बाकावर नाही. जिन्याच्या खालीसुद्धा नाही. टाळी ऐकू येणार नाही इतक्या लांब जायचं."

आईने मान डोलावली, या वेळी पाळण्यासाठी. चपला घालताना, गमतीने म्हणाल्यासारखं करून, तिने विचारलं, "मोठ्यांना नाही का हो शिकवत तुम्ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे आता मुलांपुरतेच उरलेत."

परत जाताना आईने मजा आली का ते विचारलं नाही. भिंगरीच दोनदा वर बघून म्हणाली, "आता तू नाही ना नाचणार?" आईने तिचा हात घट्ट धरला. ते तिलाच माहीत नव्हतं.

रविवारी टेबल भिंतीला सरकलं नाही. सोमवारीही नाही. भिंगरी जेवताना नुसता भात चिवडत होती. बाबाने विचारलं, "काय गं, भिंगरी थांबली का?" ती म्हणाली, "मी सांगायलाच नको होतं." आईने हातातला घास परत ताटात ठेवला. पोरीला ज्याची भीती होती, नेमकं तेच ती करून बसली होती. आणि हा नाच थांबलेला राहिला, तर ही पुढे प्रत्येक खरी गोष्ट आईपासून लपवत मोठी होणार, हे तिला त्या घासाबरोबरच कळलं.

मंगळवारी संध्याकाळी भिंगरी वर्गाहून आली, हातपाय धुऊन चित्र रंगवत बसली. आईने कुकर लावला. पदर खोचला आणि टेबल सरकवलं.

भिंगरी टुणकन उठली. "थांब, मी येते."

"तू नको," आई म्हणाली. "तुझं तू तिकडे करून आलीस ना? बस तू."

तिने डावा पाय आपटला, उजवा मागून आणून जुळवला. दोन टाळ्या. भिंगरी खडू हातात धरून बघत राहिली. तिच्याच्याने राहवेना.

"आई, अजून उलटंच आहे."

"माहीत आहे," आई म्हणाली. "असू दे. हे माझं आहे."

भिंगरीने थोडा वेळ विचार केला. आई थांबत नाहीये, सांगितल्यावरही थांबत नाहीये, हे तिने नीट बघून घेतलं. मग ती पोटावर पालथी झाली आणि पुन्हा चित्र रंगवू लागली. आईला हेच हवं होतं. तरी सातव्या ठोक्याला तिने एकदा वळून बघितलंच. भिंगरीचं लक्ष नव्हतं. आई कपाट आणि पलंगाच्या मधे तिरकी सरकली, अर्धी गिरकी घेतली, आणि उरलेले ठोके स्वतःच मोजत एकटीने पूर्ण केले.