मीटरवरचा ससा

ऋषीने मीटरवरचा ससा नखाने उचकटायला घेतला, तेव्हा प्रतापने त्याचा हात धरला.

"राहू दे ना. जुईने लावलाय तो."

"खाली काय आहे ते बघू दे फक्त."

स्टिकर स्क्रीनच्या कोपऱ्यात होता. उरलेल्या स्क्रीनवर १३.१ व्होल्ट दिसत होतं. काल १२.९ होतं. वीस दिवस बॅटऱ्यांचा आकडा चढतच होता. टेबलावर लोहचुंबकं चिकटवलेलं सायकलचं चाक फिरत होतं. एक बॅटरी त्याला फिरवायची, आणि कॉइलमधून उसळणारी वीज दुसऱ्या बॅटरीत परत जायची. रोज सकाळी ऑफिसला निघताना प्रताप दोन्हींची अदलाबदल करायचा. त्यावर एक छोटा दिवा चालायचा. जपानमधल्या कावासाकीच्या त्या घरात बाकी फारसं काही चालू नसायचं.

भूकंपानंतर इथे ठरवून वीज घालवायचे. जपानीत तेइदेन. प्रतापची पाच वर्षांची मुलगी जुई त्या अंधारात आईला, उत्तराला, चिकटून बसायची. नंतर नंतर लाईट असतानाही झोपेना. मग दोघी पुण्याला गेल्या, दोन महिन्यांसाठी. त्याला आता चौदा महिने झाले होते. सोमवारी तिथल्या शाळेत पहिलीचा प्रवेश होता. उत्तराने स्पष्ट सांगितलं होतं, जुई स्वतः येते म्हणाली तर तिकीट काढते, नाहीतर प्रवेश घेते, मला आता लटकत राहायचं नाहीये. म्हणून आज तीन वाजता प्रताप जुईला कधीच न विझणारा दिवा दाखवणार होता.

त्याचा मित्र ऋषी त्यासाठीच टोकियोतल्या ओजिमाहून आला होता. दोघंही सॉफ्टवेअरवाले, सोल्डरिंग व्हिडिओ बघून शिकलेले. चाक त्याला आवडलं. दिवा नाही आवडला. मागच्या शनिवारपेक्षा फिका वाटतोय, तो म्हणाला. प्रताप म्हणाला, ऊन आहे म्हणून. ऋषीने पडदा ओढला. दोघांनी दिव्याकडे बघितलं. मग ऋषीने मीटर उचललं होतं.

सशाखाली बॅटरीची एक बारीक खूण लुकलुकत होती.

"मीटरची स्वतःची सेल उतरली की ते आकडा वाढवून दाखवतं," ऋषी म्हणाला. "साधी गोष्ट आहे रे. मला आधी सुचायला हवी होती."

तो खालच्या कोनबिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून, नवी सेल घेऊन आला. प्रताप तोवर तिथेच उभा होता, बोटावर ससा चिकटवून.

११.४.

प्रतापने वायरी काढून पुसल्या, परत लावल्या. ११.४.

"वीस दिवस," तो म्हणाला.

"वीस दिवस मीटर मरत होतं. बॅटऱ्या पण."

तीनला पाच मिनिटं होती. प्रतापने मीटरचं झाकण उघडलं, नवी सेल काढली, जुनी बसवली. ससा कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून धरला. त्याचा एक कान आता चिकटत नव्हता.

स्काइपवर आधी उत्तरा आली. जेवलास का विचारलं आणि बाजूला झाली. जुईचे पुढचे दोन दात पडले होते. आधी ती त्याच्याशी निम्मं जपानीच बोलायची. प्रतापने तिला आकडा दाखवला, मग दिवा कॅमेऱ्याजवळ धरला.

"बघ, जुई. आपल्याकडे आता कधीच तेइदेन होणार नाही."

"म्हणजे काय?"

त्याला वाटलं आवाज नीट गेला नाही. त्याने परत सांगितलं. तेइदेन, तेइदेन.

"हो, पण म्हणजे काय, बाबा?"

"लाईट जातात ना, ते."

"अच्छा, ते." ती हसली. "इथे दर गुरुवारी जातात. मग मी आणि शमा गच्चीत पळतो. खूप मज्जा येते." मग स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "तुझ्याकडे जातच नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

प्रताप दिवा तसाच धरून उभा होता. मागे ऋषीने हळूच पडदा बाजूला सरकवला.