धडधड उतरल्यावर

शेजारच्या प्लॉटात बोअर पाडणारी गाडी सुरू झाली, जमीन थरथरली, टेबलावरचा खडू घरंगळत खाली आला आणि राघवेंद्र सर पळाले.

जीवशास्त्र म्हणजे राघवेंद्र सर, असं लातूरच्या क्लासच्या गल्लीत कुणीही सांगेल. पन्नाशीला टेकलेला, वजनदार, शांत माणूस. असा माणूस वाक्य अर्धं टाकून, एका पायात चप्पल घालून रस्त्यावर येतो हेच नवल. पण एवढंच झालं असतं तर लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते.

त्या क्लासची एक रीत होती. तास सुरू झाला की मागच्या दाराला बाहेरून कुलूप. उशिरा आलेल्याला प्रवेश नाही. फळ्याजवळच्या दारानं सरांनी जायचं-यायचं, आणि मध्येच बाहेर जावं लागलं तर कडी घालून जायचं. नाहीतर पोरं टपरीवर पांगतात. वर्षानुवर्षं हाताला लागलेलं वळण ते. पाय पळत होते तेव्हाही हातानं आपलं काम चोख केलं. सर बाहेर आले आणि त्यांनी बाहेरून कडी घातली.

आत सगळी बॅच होती.

दारावर थापा पडू लागल्या. ऑफिसातले शेषेराव धावत आले, कडी काढली आणि रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभ्या असलेल्या सरांकडे बघून ओरडले, "सर, अवो लेकरं आत हायती! भूकंप न्हाई, बोअरची गाडी हाय ती!"

पोरं बाहेर आली. कुणीच हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. जळकोटची अयोध्या, पहिल्या बाकावर बसणारी, तळहात लाल झालेला. ती सरांकडे नुसती बघत राहिली. सरांनी मान वळवून लिंबाचा पाला बघितला.

घरी येऊन त्यांनी "बीपी वाढलंय" म्हणून अंथरूण धरलं. पत्नी प्रमोदिनी शाळेत शिकवायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी हातात फोन घेऊन आत आली. "पोरांचे फोनवर फोन येऊन राहिलेत. सरांची तब्येत कशी आहे म्हणून. किती जीव लावतात हो तुम्हाला!" सरांनी कूस बदलली. शिव्या दिल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

छातीतली धडधड मात्र खरीच होती. ट्रक गेला तरी उठायची. ती आजची नव्हती. गणपती बोळवून गाव निजलं होतं आणि पहाटेआधी भुई फाटली, त्या रात्रीची होती. तेव्हा ते कॉलेजातले पोर होते. उडी मारून अंगणात आले आणि मागं घराचं माळवद खाली बसलं. आई, मनकर्णाबाई, चिंचेखाली निजली होती म्हणून वाचली. मरेपर्यंत ज्याला त्याला कौतुकानं सांगायची, "माझं लेकरू लई चपळ. पळालं म्हणून राहिलं." पळणं म्हणजे शहाणपण, हे शरीरानं तेव्हाच पाठ केलं होतं. आतून आणखी कोण कोण हाका मारत होतं, हे आई कधी सांगायची नाही. सरही विचारायचे नाहीत.

लातुरात दाखवलं तर चहा निवायच्या आत गल्लीत बातमी, म्हणून ते नांदेडला गेले. तिथं उर्वी डॉक्टर होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं ईसीजी काढला, नाडी बघितली आणि हसली.

"हृदय ठणठणीत आहे, सर. तुमच्या गाडीचा ब्रेक तेवढा सैल झालाय."

"म्हणजे?"

"आता मी तुम्हाला सांगू? दहावी चेता, व्हेगस! मेंदूतून निघते, गळ्यातून हृदयाला, तिथून पोटापर्यंत. भीती सरली की धावतं शरीर थोपवते ती. तुम्हीच शिकवलंत. दरवर्षी एक मार्क नक्की, म्हणायचात."

सरांनी खाली बघितलं. मार्कापुरती ती नस त्यांनी हजारो पोरांच्या गळ्यात उतरवली होती; स्वतःच्या गळ्यात कधी चाचपली नव्हती.

"श्वास घ्याल त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, हळूहळू," उर्वी म्हणाली. "नाहीतर गुणगुणा. लांब सूर धरला की श्वास आपोआप लांबतो. रोज करा, या वयात एका दिवसात नाही जमत. पण सर, झालं काय होतं? कशानं घाबरलात?"

"ताण गं. परीक्षा जवळ आल्यात ना," सर म्हणाले. कडीचं बोलले नाहीत.

घरी त्यांनी ते मनापासून केलं. गच्चीवर बसायचे, आणि सूर धरायचा तर तोंडात यायची आईची जात्यावरची ओवी:

जीवा माझ्या पाखरा, नको उडू रानोरानी
उंबऱ्याशी बैस जरा, पी रे वाटीतलं पाणी

ओवीचं शेवटचं अक्षर ओढता ओढता खांदे उतरायचे, पोट सैल व्हायचं. हळूहळू धडधड ओसरली. वाटलं, सुटलो.

पण पुराचं पाणी ओसरल्यावर गाळ दिसावा, तसं झालं. धडधडीच्या आवाजाखाली जे दबून होतं ते आता नीट ऐकू येऊ लागलं. थापा. आणि "सर! सर!" तोवर ते स्वतःला म्हणत होते की घाबरलो, भान नव्हतं. शांत झाल्यावर कळलं, भान होतं.

हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते वर्गावर गेले. पोरं उठून उभी राहिली. "बरं वाटतंय का, सर?" कुणीतरी विचारलं.

"मी आजारी नव्हतो," सर म्हणाले. "तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या दिवशी मी तुम्हाला कोंडून पळालो. भूकंप खरा असता तर..." पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. "माफ करा, बाळांनो."

 मागून एक जण दिलासा द्यायला म्हणाला, "जाऊ द्या ना सर, सवयीनं झालं. काय तुम्ही मुद्दाम केलं का?"

"हाव, सवयीनं," पाच-सहा आवाज आले. किती सोपा रस्ता होता. सरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

अयोध्या उभी राहिली. "एक विचारू, सर? आमी दार वाजवून राहिलो होतो, तवा तुमाला ऐकू आलं व्हतं का?"

छाती पुन्हा उसळली. सरांनी टेबलाचा काठ धरला, श्वास सोडला. यावेळी तो काही केल्या लांबेना.

"आलं होतं," ते म्हणाले. "तुझा आवाजही ओळखला होता. तरी परत आलो नाही."

अयोध्येनं वही दप्तरात घातली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग मला दुसऱ्या सरांच्या बॅचला बसू द्या. तुमी चांगलं शिकवता, पर माझं ध्यान लागणार न्हाई."

"बस तिकडं," सर म्हणाले. "मी सांगतो ऑफिसात."

ती गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. बाकीची पोरं बसून होती. कुणी सरांकडे बघत होतं, कुणी बघायचं टाळत होतं. सरांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. काळीज ढोलासारखं वाजत होतं. त्यांनी ते वाजू दिलं आणि तिथंच उभे राहिले.