पुस्तकातली खाडी

पाचवीच्या भूगोलाच्या पुस्तकात आख्खा देश एका पानात मावतो. चारही बाजूंना समुद्र, दक्षिणेला वाळूचे किनारे, पश्चिमेला दलदल, मधोमध डोंगर आणि उत्तरेला सरळसोट कडे. किनाऱ्याची लांबी सातशे बेचाळीस किलोमीटर, खाड्या एकूण एकवीस. पोरं हे घोकून घोकून पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण शेजारच्या पानावरच्या नकाशात कुणी खाड्या मोजल्या असत्या, तर त्या बावीस भरल्या असत्या. बाविसावी खाडी नकाशा कचेरीतल्या म्हाताऱ्या आरेखकाने काढलेली होती. सगळे त्याला काका म्हणत. आणि ती खाडी समुद्रावर कुठेच नव्हती.

आता हे काही पाप म्हणून केलेलं नव्हतं. कचेरीची रीतच होती तशी. बाहेरचे छापखानेवाले कचेरीचे नकाशे उचलायचे आणि वर साळसूदपणे म्हणायचे, आम्हीच काढलेत. म्हणून प्रत्येक आरेखकाने आपल्या नकाशात एक खोटी गोष्ट घालून ठेवायची. कुणी नसलेली टेकडी घाली, कुणी ओढ्याला एक जादा वळण देई. तिला म्हणायचे चोरखूण. दुसऱ्याच्या नकाशात ती दिसली की चोर मुद्देमालासकट हातात. काकाने उत्तरेचा किनारा निवडला, कारण तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. कड्याच्या रेघेत त्याने करंगळीच्या नखाएवढी खाच काढली. मग ती नुसती खाच त्याला ओकीबोकी वाटली, म्हणून आत एक इवलासा नांगर काढला. नांगराच्या खुणेचा अर्थ, इथे होडी लावायला धोका नाही. खाच पुरली नसती का? पण हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते म्हणणाऱ्यांना काय जातं.

नऊ वर्षं तो नांगर कुणाच्या डोळ्यावर आला नाही. यंदा मासळी दक्षिणेकडून हलली आणि तिच्यामागे दोन होड्या देशाला वळसा घालून उत्तरेला गेल्या. तो किनारा त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. तिथे वादळाने गाठलं. पहिल्या होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाने होडी खोल समुद्राकडे वळवली आणि तो दोन दिवसांनी अर्धमेला होऊन परत आला. त्याने सांगितलं की दुसऱ्या होडीतला गडी एकटाच होता, आणि तो ओरडून म्हणत होता, इकडे खाडी आहे, माझ्या पोरीच्या पुस्तकात आहे, माझ्या मागून या. आणि त्याने होडी कड्यांकडे घातली.

काकाने ही बातमी कचेरीतच वाचली, चहा पिता पिता. तो तसाच उठून साहेबांकडे गेला.

"शाळेच्या पुस्तकावर कुणी होडी हाकतं का हो?" साहेब म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. नव्या आवृत्तीतून ती खाडी गाळा आणि विषय संपवा."

झालं. कचेरीत अळीमिळी गुपचिळी. काकाने नवा नकाशा काढायला घेतला. उत्तरेची रेघ त्याने श्वास रोखून सरळ ओढली, कुठे खाच नाही, खूण नाही. मग रीतीप्रमाणे किनाऱ्यावरून दोरा फिरवला आणि तो ताणून पट्टीवर धरला. दोरा करंगळीच्या नखाएवढा जास्त भरला. त्याने पुन्हा मोजला, पुन्हा तेवढाच जास्त. शेजारच्या टेबलावरच्या आरेखकाने मोजला तर बरोबर. काकाने हातात घेतला की जास्त. चौथ्या दिवशी दोऱ्याचा तेवढाच तुकडा ओला लागला. काकाने बोट जिभेला लावून पाहिलं, तर खारट. घाम असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण खोलीत पंखा चालू होता आणि त्याचे हात बर्फासारखे गार होते.

त्याच सुमारास ती बाई यायला लागली. हरवलेल्या गड्याची बायको. तिशीची असेल, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात पोरीचं भूगोलाचं पुस्तक. ती खिडकीशी उभी राहून म्हणायची, "ह्या खाडीचा मोठा नकाशा द्या." कारकून म्हणायचा, साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, मोठा नकाशा नसतो. काका आत मान खाली घालून बसायचा आणि तिचा शब्दन् शब्द ऐकायचा. नवरा मेला असं तिला वाटतच नव्हतं. तिचं म्हणणं, होडी फुटली असेल, पण तो खाडीत सुखरूप असेल. तीन बाजूंनी कडा, चढून येता येत नसेल, एवढंच. एकदा तिने कारकुनाला विचारलं, "तिथे प्यायला गोडं पाणी असेल का हो?" कारकुनाने फाईलमध्ये तोंड खुपसलं.

चौथ्या खेपेला, मंगळवारी, ती म्हणाली, "नका देऊ नकाशा. माझा भाऊ परवा होडी घेऊन निघतोय. पुस्तकातल्या नकाशावरून शोधील तो."

काकाने लेखणी खाली ठेवली. गप्प राहिलं तर आणखी एक जीव जाणार, आणि बोललं तर हिचा माणूस आत्ता, ह्या खिडकीशी, आपल्या तोंडून मरणार. त्याला दोन्ही नको होतं. पण दोन्ही नको म्हणायची वेळ नऊ वर्षांपूर्वीच निघून गेली होती. त्याने तिला आत बोलावलं आणि आपल्या टेबलापाशी बसवलं.

"पोरी," तो म्हणाला, "भावाला पाठवू नकोस. तिथे खाडी नाही."

"नाही कशी? ही काय."

"ती मी काढलेली आहे. आमचे नकाशे चोरतात, म्हणून खोटी काढलेली. तिथे नुसता कडा आहे आणि खाली खडक. वर नांगरही मीच काढला. नसता काढला तर कदाचित तो वळला नसता."

शेजारच्या टेबलावरचा आरेखक उठून बाहेर गेला. बाई पुस्तकाकडे बघत राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. काकाला वाटलं, हिने आपल्या तोंडात मारली तर बरं होईल.

"आमच्या पोरीने मोजल्या होत्या खाड्या," ती हळू आवाजात म्हणाली. "धड्यात एकवीस आहेत, नकाशात बावीस. शाळेतल्या बाई तिला म्हणाल्या, तुला मोजता येत नाही. तिचा बाप म्हणाला, लिहिणारा चुकला असेल, नकाशा काढणारा जाऊन बघून येतो, तो चुकायचा नाही."

काकाने खरवडायचं पातं उचललं, तिच्या पुढ्यातलं पुस्तक जवळ ओढलं आणि खाचेवर पातं टेकवलं. निदान तिच्यादेखत ते खोटं नाहीसं करावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिने त्याचं मनगट धरलं.

"खोडू नका. तो आत आहे."

"आत काही नाही गं."

"तुम्ही ती काढलीत. तो तिच्यात गेला. म्हणजे तो तिथेच आहे." तिचा हात गार होता आणि पकड घट्ट. "आधी त्याला बाहेर यायला वाट काढा. मग काय खोडायचं ते खोडा."

वेड्याशी वाद घालू नये म्हणतात. पण ती वेडी दिसत नव्हती. वाट विचारायला आलेल्या माणसासारखी ती समोर बसली होती. काकाने सगळ्यात बारीक लेखणी शाईत बुडवली आणि खाचेच्या टोकापासून कड्यावर एक तुटक रेघ चढवली. कडा जिथे कमी उभा आहे तिथून चढवली. डोंगरात खिंडीतून घातली, खाली उतरल्यावर दलदलीला वळसा दिला. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या जपून त्याने एकही वाट काढली नव्हती. रेघ दक्षिणेला आल्यावर बाई बोटाने दाखवू लागली, इथे फाटा, इथे विहीर, विहिरीवरून डावीकडे तिसरं दार.

"पायी किती दिवस लागतील?"

"पाच," काका म्हणाला. खरं तर त्याने गप्प बसायला हवं होतं. पण अंतर विचारलं की सांगायचं, ही जन्माची सवय.

"म्हणजे रविवारी." तिने पुस्तक फडक्यात बांधलं. "भावाला सांगते, जायची गरज नाही."

भाऊ गेला नाही, एवढं चांगलं झालं. पण काकाच्या जिवाला आता दुसराच घोर लागला. आपल्या एका रेघेने माणूस मेला, आणि आता दुसऱ्या रेघेने ही बाई आणि तिची पोर रविवारभर दाराशी बसून राहणार. संध्याकाळ होईल आणि कुणी येणार नाही. हे आपल्या घरी खुर्चीत बसून सोसणं त्याला जमेना. रविवारी सकाळी त्याने सदरा घातला, मोटार पकडली आणि दुपारी फाट्यावर उतरला. तिची क्षमा मागायची, एवढं ठरवलं होतं. पुढचं काही सुचत नव्हतं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. विहीर आली तिथे त्याला वाटलं, मागे कुणी चालतंय. अनवाणी, पाय जरा ओढत, लांबून आल्यासारखं. तो थांबला तसं तेही थांबलं. ऊन लख्ख होतं, भ्यायचं काही कारण नव्हतं, आणि तरी त्याने मान वळवली नाही. तो डावीकडे वळला, दारं मोजत गेला. मागची पावलंही वळली.

तिसरं दार त्याने वाजवायच्या आधीच उघडलं. बाई उभी होती, मागे दहा वर्षांची पोर. बाईने काकाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिली.

"या," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

काका आत गेला. तिने लगेच दार लावलं नाही. मागून येणाऱ्याला उंबरा ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती दार धरून उभी राहिली. मग तिने कडी घातली.

पोर आतून पाणी घेऊन आली. दोन पेले होते. काकाने एक उचलला. दुसऱ्याकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.