काचेवरचा आकडा

वेंडेल क्रुगच्या गॅरेजमध्ये एकच गाडी मावते. तिथं त्याची सत्तर सालची असायची, इंजिन स्वतःच्या हातांनी उघडून पुन्हा बांधलेली. मुलीची, मार्लीनची, यंदाची, विजेवरची. वेंडेलच्या मते तिला गाडी म्हणणं म्हणजे मिक्सरला घोडा म्हणणं. बायको गेल्यावर मार्लीन त्याच्या सोबतीला राहायला आली आणि ओहायोच्या हिवाळ्यात बाहेर कुणाची गाडी, हा प्रश्न उभा राहिला. मार्लीन म्हणाली, अंगणात शेड टाकू. वेंडेलनं मात्र नाश्त्याच्या हॉटेलात आम्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं, की शनिवारी शर्यतीच्या ट्रॅकवर फैसला. हरलो तर माझी विकून टाकतो.

आमच्या ट्रॅकवर आपली गाडी पाव मैलाला किती सेकंद घेईल, ते आधी काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं लिहायचं. जिचा आकडा मोठा, तिला फरकाइतके सेकंद आधी सोडतात. पण लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात, तर पहिले येऊनही हरलात. नियम प्रामाणिकपणासाठी केलेला आहे; म्हणून सगळे लबाडी करतात. वेंडेलनंही सेकंदभर वाढवून लिहिलं. शेवटी ब्रेक दाबून जुळवून घ्यायचं, अशी इथली रीत.

तो धडधडत आधी सुटला. मार्लीनची गाडी मागून, चौकशीला येणाऱ्या शेजाऱ्यासारखी, आवाज न करता आली. तिनं त्याला जवळजवळ गाठलं, आणि मग ती मागे पडू लागली. आरशात ती लहान होताना बघून वेंडेलचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. तो पहिला पोचला. फलकावर जिंकल्याचा दिवा मात्र मार्लीनच्या बाजूचा लागला.

वेंडेल खुशीत उतरला. नियमानं हरलो असेन, म्हणाला, पण पळण्यात पुढं कोण होतं ते सगळ्यांनी बघितलं.

"पोरी, तुझं खेळणं दमलं गं शेवटी."

मार्लीन हेल्मेटचा पट्टा सोडत होती. "दमलं नाही, बाबा. मी ब्रेक दाबला."

"कशाला?"

"तुम्ही जिंकावं म्हणून. वाटलं, तुम्हीही दाबाल."

आम्ही सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागलो. मी म्हटलं, अरे, चेष्टेत दिलेला शब्द तो. मार्लीननंही, ठेवा हो ती गाडी, म्हणून विनवलं. त्यानं तिथूनच, गाडी मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला.

गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी आलं. तरुण होतं, उत्साही होतं. कितपत पळते, त्यानं विचारलं.

"मला काय विचारता," वेंडेल किल्ली पुढं करत म्हणाला, "माझ्या मुलीला विचारा."