उजवीकडून तिसरा दिवा

उजवीकडून तिसरा दिवा विझलेला होता. वाटाण्याएवढा, पिवळट काचेचा... विझलेला दिवा म्हणजे शून्य, आणि तिथे शून्य असायचं काहीच कारण नव्हतं, कारण आत्ताच, याच बोटांनी, तिने तिसरी कळ वर केली होती — केली होती ना?

कपाटाएवढा तो जुना संगणक संग्रहालयाच्या मागच्या खोलीत घरघरत होता. याच जातीच्या यंत्रांवर तिने सगळी नोकरी काढली होती, म्हणून हे चालू करून द्यायला संग्रहालयाने तिलाच बोलावलं होतं. पढवून ठेवलेलं असं यांच्या पोटात काही नसायचं. एकेक आज्ञा कळा वरखाली करून आपणच भरवायची आणि काय भरलं ते दिव्यांवर वाचून घ्यायचं. सकाळपासून भरवलेलं आणि वाचलेलं जुळत नव्हतं. वैतागून तिने आज्ञा बदलून पाहिल्या, तर होता नव्हता तो प्रोग्रॅमही बिघडला.

खिडकीपाशी धाकटी बहीण संत्रं सोलत बसली होती. संध्याकाळी दोघींना डॉक्टरकडे जायचं होतं, स्मरणशक्तीच्या तपासणीला. "माझीही करून घेते," असं बहीण म्हणाली होती, जणू दातच साफ करून घ्यायचे होते. आईचंही असंच सुरू झालं होतं — गॅस बंद केला की नाही, दाराला कडी लावली की नाही — आणि मग एक दिवस या थोरल्या लेकीकडेच बघून, अगदी अदबीने, "आपण कोण?"... मी कळ वर केली होती. मीच केली होती.

"ताई, दोन फोडी खा गं. ते यंत्र कुठे पळून जात नाही."

"माझं डोकं पळून चाललंय त्याचं काय?"

बहीण हसली नाही. तिच्या त्या न हसण्यानेच हिला राग आला — बहिणीचा, आईचा, यंत्राचा, कुणाचा कोण जाणे — आणि तळहाताच्या एका रेट्यात तिने सगळ्याच्या सगळ्या कळा वर ढकलल्या. यात चुकायला जागाच नव्हती. भरलं. वाचलं. सगळे दिवे लागले, तिसरा सोडून.

ती बघत राहिली. मग शेजारचा दिवा उपटून तिने त्या जागी खोचला, आणि तो लखकन लागला.

म्हणजे आत सगळं बरोबर होतं. सकाळपासून बरोबरच होतं, आणि बिघडवलं ते हिने दुरुस्त करायला जाऊन. जुन्या आज्ञा तिने पुन्हा भरल्या, यंत्र चालू केलं, आणि हवं ते उत्तर निमूटपणे दिव्यांवर येऊन उभं राहिलं.

"काय झालं गं?"

"बल्ब गेला होता. माझं काही नाही... बल्बच गेला होता."

बहिणीचे डोळे भरून आले. ती उगाचच साली गोळा करू लागली. हिला इतकं हलकं वाटत होतं की खुर्चीवर बसावंच लागलं. पूर्वी असतं तर मी आधी दिवेच तपासले असते — हा विचार डोकावलाच. पण तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. गोड होती.

"मग, जायचं ना डॉक्टरकडे?"

"जाऊ की."

अर्धा जिना उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, चष्मा वर यंत्रापाशीच राहिला. काल असं झालं असतं तर तिने घाबरून कठडा धरला असता.

"थांब, चष्मा विसरले," ती म्हणाली, आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत, जराही घाई न करता, परत वर चढू लागली.